हिरवळीचें वेळापत्रक

दोन वर्षांपूर्वीं आषाढांतील एका सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी पावसांत भिजत आमच्या ओटीवर आला आणि प्लास्टिकच्या पिशवींत जपून गुंडाळलेली एक वही काढून त्यानें ती आमच्यापुढें ठेविली. शाळेंत असतांना त्यानें आपण होऊन आम्हांस कधीं वही दाखविल्याचें स्मरत नाहीं. त्यामुळें कौतुकच वाटलें. वहींत बावीस घरांचीं नांवें होतीं. कांहीं नांवांपुढें दोन दोन तारखा लिहून खोडलेल्या, कांहींपुढें ‘बाई रागावल्या’ असा शेरा, आणि एकापुढें नुसतेंच ‘रविवार!!’ असें लिहिलेलें होतें. “गुरुजी, शाळेचं टाइमटेबल तुम्हीच करत होतात ना? मला पण एक करून द्या,” तो म्हणाला.

हा आमचा विद्यार्थी नगर शहरांत बंगल्यांपुढील हिरवळ कापण्याचा धंदा करतो. (नगर हें आमच्या तोंडीं बसलेलें नांव, २०२४ सालीं शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, हें आम्ही जाणतों.) सावेडी, गुलमोहर रोड, बुरूडगांव रोड आणि भिंगारकडील कांहीं घरें मिळून त्याचीं बावीस गिऱ्हाइकें. पेट्रोलवर चालणारें यंत्र त्यानें हप्त्यानें घेतलें आहे व तें एका जुन्या तीनचाकी टेंपोंत घालून तो घरोघर जातो. पावसाळ्यांत बावीसही घरांचे फोन एकदम येतात आणि उन्हाळ्यांत एकाचाही येत नाहीं, ही त्याची तक्रार. जूनमध्यें मुलीची फी आणि पुस्तकें यांची वेळ येते तेव्हां हातांत कांहीं नसतें, ही खरी काळजी. यंत्र विकून टाकावें आणि चाकणकडे एखाद्या कारखान्यांत रात्रपाळी पत्करावी, असें त्याच्या मनानें जवळ जवळ घेतलें होतें.

आतां, तीस वर्षें शाळेचें वेळापत्रक आम्हीं केलेलें. ज्यानें गणिताचा तास जेवणाच्या सुटीनंतर येऊं न देतां नऊ तुकड्या सांभाळल्या, त्यास बावीस अंगणें तीं काय जड! आम्हीं त्याच रात्रीं मोठा कागद आंखून घेतला आणि दोन रंगांच्या शाईनें बारा महिन्यांचें पत्रक तयार केलें. दर घरास दहा दिवसांनीं एक फेरी, वर्षभर, विनाअपवाद. पत्रक दिसावयास फार सुरेख होतें. तें भाद्रपदांतच मोडलें.

दहा दिवसांत हरळी इतकी माजे, कीं यंत्राचें पातें अडकून बंद पडे. दोन दिवस पावसानें गेले कीं मागील घरें पुढील घरांवर चढत, आणि पत्रकांत एकही रिकामा दिवस नसल्यामुळें तीं पुनः जागेवर येत नसत. उलट पौषांत तो नेमल्या दिवशीं दारांत उभा राही आणि कापावयास गवतच नसे. घरचे लोक म्हणत, पुढल्या महिन्यांत ये. शाळेंतील मुलें बारा महिने सारखींच वाढतात. गवत तसें वाढत नाहीं, ही साधी गोष्ट आम्ही विसरलों होतों. दोष सर्वस्वीं आमचा होता. यंत्र विकण्याचा विचार त्याच्या मनांत पुनः आला तो आमच्या सुरेख पत्रकामुळें, ह्याची रुखरुख आम्हांस लागून राहिली, आणि म्हणूनच गवताचा थोडा अभ्यास करणें भाग पडलें.

आमच्याकडील बहुतेक हिरवळ म्हणजे आपली हरळी, देवपूजेंतील दूर्वा. अमरकोशांत हिचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा व अनंता हीं आहेत. शेंकडो पेरें असलेली ती शतपर्विका, पुनः पुनः उगवणारी ती रुहा आणि जिला अंत नाहीं ती अनंता. हीं नांवें नुसत्या स्तुतीखातर दिलेलीं नाहींत, हें अंगणांत बसून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. हरळी जमिनीलगत सरपटते, पेरापेरास मूळ धरते, आणि तिचे वाढीचे कोंब खालींच राहत असल्यामुळें वरचें पातें कापलें तरी ती मरत नाहीं. काळ्या रानांतील शेतकऱ्यास विचारा. खोल नांगरट करूनही हरळी व कुंदा निघतां निघत नाहींत म्हणून तो कपाळास हात लावील. जी शेतांत वैरीण तीच गणपतीच्या मस्तकावर आणि तीच बंगल्यापुढें शोभा! हिरव्यागार गवताच्या भूमीस संस्कृतांत शाद्वल असा सुंदर शब्द आहे, परंतु तो कोणी वापरीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचीं गिऱ्हाइकें तर सर्व ‘लॉन’च म्हणतात.

हें कापण्याचें यंत्रही फार जुनें नव्हे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. कापडाच्या गिरणींत लोकरी कापडावरील तूस कातरून सपाट करण्याचें यंत्र त्यानें पाहिलें होतें. तीच युक्ति त्यानें गवतास लाविली. तोंपर्यंत तिकडे लांब दांड्याच्या कोयत्यानें आणि आपल्याकडे विळ्यानें व खुरप्यानेंच काम चाले. १८०३ सालीं नगरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला आणि पुढें भिंगारास छावणी बसली. बंगल्यापुढें गवत राखण्याची हौस आपल्या शहरास तेथूनच लागली असावी, असें आम्ही समजतों.

कापण्याचा मुख्य नियम असा, कीं पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळीं कापूं नये. दीड इंच गवत ठेवावयाचें तर तें सव्वादोन इंच झालें कीं कापलें पाहिजे. त्याहून वाढूं देऊन मग एकदम खालपर्यंत कापलें, तर हिरवें पातें सर्व जातें, खालचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि आठ दिवस अंगण खरजेल्या जनावरासारखें दिसतें. म्हणजे दोन फेऱ्यांमधील अंतर हें गिऱ्हाइकाच्या मर्जीवर किंवा कापणाऱ्याच्या सवडीवर नसून पाऊण इंच वाढीस किती दिवस लागतात यावर आहे. आम्हीं आमच्या अंगणांत फूटपट्टी रोवून वर्षभर हें मोजलें. सूनबाईंस व नातवंडांस त्याची मोठी मौज वाटे.

आमचा जिल्हा पर्जन्यछायेंतला. पश्चिमेस अकोले तालुक्यांत घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, पण नगर शहराकडे वर्षांत पांचसहाशे मिलिमीटर पडला तर लोक समाधान मानतात, आणि त्यांतला मोठा वांटा सप्टेंबरांत येतो. मृगाच्या सरींनीं हरळी जागी होते. आर्द्रांत, म्हणजे २२ जूनच्या सुमारास, पहिली कापणी येते. तेथून उत्तरा नक्षत्र संपेपर्यंत पाऊण इंचास सात दिवस पुरतात. मध्यें श्रावणांत पावसानें ओढ दिली तर नऊ लागतील, परंतु हिशेब सातांचाच धरावा. हस्त व चित्रा या नक्षत्रांत नऊ दिवस. पुढें थंडी पडूं लागली कीं पंधरा. डिसेंबरच्या मध्यापासून रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरूं लागला म्हणजे हरळी जवळ जवळ निजते. महिन्यांत एकदां कडा नीट केल्या तरी पुरे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढतें आणि पाणी मिळालें तर ती पुनः हलूं लागते, वीस दिवसांस एक फेरी. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत यंत्र बाहेर काढूंच नये.

येथें एक गोष्ट जुन्या लोकांस सांगावयास नको, पण तरुण मंडळींस सांगावीशी वाटते. हें पत्रक आम्हीं तिथींवर न बसवितां सूर्यनक्षत्रांवर बसविलें. चांद्रमासाचा महिना अधिकमासामुळें मागेंपुढें होतो. सूर्याचें नक्षत्र एखाद्या दिवसाहून हलत नाहीं. शेतकरी पेरणीची भाषा मृग-आर्द्रा अशी बोलतो ती उगीच नव्हे. उलट सण मात्र तिथींवर चालतात. गणेशचतुर्थी २०२२ सालीं ३१ ऑगस्टला होती, २०२३ सालीं १९ सप्टेंबरला, २०२४ सालीं ७ सप्टेंबरला आणि २०२५ सालीं २७ ऑगस्टला. म्हणजे गवत एका पंचांगानें वाढतें आणि बावीसही घरांस तें कापून हवें असतें दुसऱ्या पंचांगानें. नव्या वहींत आम्हीं डाव्या पानावर नक्षत्रें आणि उजव्या पानावर त्या वर्षींचे सण लिहिले, आणि दोहोंचा मेळ दरवर्षीं गुढीपाडव्याला बसून घालावयाचा असें ठरविलें.

आतां दिवसांचें गणित. कडा विळ्यानें छाटणें व झाडून गवत उचलणें धरून एका घरास साधारण दीड तास लागतो. जाण्यायेण्याचा वेळ धरून दिवसांत चार घरें. सहा दिवसांत चोवीस जागा आणि घरें बावीस! जागा पुरल्या असें वरकरणीं वाटतें. पण ओलें गवत कापूं नये: पातें गवत कापण्याऐवजीं ओरबाडतें आणि चाकांखालीं माती दबते. दोन दिवस पावसाचे गेले कीं चोवीसांच्या सोळा जागा उरतात, आणि सहा घरें राहिलीं तीं राहिलीं. शाळेंतही ज्या वेळापत्रकांत एकही रिकामा तास नाहीं तें एक शिक्षक आजारी पडतांच कोसळतें. हें ज्ञान आम्हांस असूनही पहिल्या पत्रकांत आम्हीं तें वापरलें नाहीं.

मग प्रत्येक घरीं जाऊन गवत कोणतें तें पाहिलें. बावीसांपैकीं सहा घरीं हरळी नसून रोपवाटिकांत ‘मेक्सिकन’ म्हणून विकतात तें बारीक, दाट गवत निघालें. तें फार सावकाश वाढतें. भर पावसांतही त्यास पंधरवडा पुरतो. सोळा घरें आठवड्यास आणि सहा घरें पंधरवड्यास, म्हणजे आठवड्याच्या एकोणीस जागा, पांच मोकळ्या. शनिवार सबंध रिकामा ठेविला. पावसानें बुडालेलीं घरें शनिवारीं. त्या सहांपैकीं एका सद्‍गृहस्थांस आपल्याकडे पंधरा दिवसांनींच कां, हा अपमान वाटला. त्यांच्या अंगणांत फूटपट्टी रोवून दाखवावी लागली. दोन आठवड्यांनीं त्यांनीं स्वतःच मोजून मान डोलाविली.

घरांचा क्रम लावण्यास आम्हांस कालव्याचें उदाहरण उपयोगीं पडलें. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागास पाण्याच्या पाळीची भाषा अंगवळणीं पडलेली आहे. शेजपाळी म्हणजे शेजारच्या शेतानंतर शेजारचें शेत. पाणी शेवटच्या शेतापासून सुरू होऊन वर येतें. मधल्या कोणाचा वशिला मोठा म्हणून त्याचें आधीं, असें चालूं नये हा दंडक. (तो नेहमीं पाळला जातो असें आम्ही म्हणत नाहीं.) आमचा विद्यार्थी सकाळीं सावेडींत, दुपारीं भिंगारास आणि पुनः सावेडींत असा ज्यानें बोलाविलें त्याच्याकडे धांवत असे, पेट्रोल टेंपोंतच जळे. सोमवार-मंगळवार सावेडी, बुधवार गुलमोहर रोड, गुरुवार बुरूडगांव रोड, शुक्रवार भिंगार, असें शेजेनें बसविल्यावर रोजचा पाऊण तास वांचला. नळास ज्या दिवशीं पाणी येतें त्याच्या आदल्या दिवशीं कापणी यावी, एवढीच त्यांत फिरवाफिरव केली; कोरडें कापावें आणि मग पाणी द्यावें हें उत्तम.

पुरुषमंडळींस वाटतें कीं वार आपण ठरवितों. प्रत्यक्षांत घरोघरच्या बायकांनीं हें पत्रक दुरुस्त केलें. एके घरीं सासूबाई दुपारीं दोन ते चार निजतात, तेव्हां यंत्राचा आवाज नको. दुसऱ्या घरीं उन्हांत पापड-कुरडया वाळत असतात, तेव्हां उडणारी धूळ नको. पितृपंधरवड्यांत ज्या घरीं ज्या तिथीस श्राद्ध, त्या दिवशीं सकाळीं परक्याचा वावर नको. एका घरच्या आजी मात्र खरोखर रागावल्या होत्या. वहींतला तो शेरा त्यांचाच. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं ह्यानें अंगण इतकें साफ केलें, कीं पूजेच्या एकवीस दूर्वा आजींना बाजारांतून आणाव्या लागल्या. “दाराशी दूर्वा असताना विकत आणायच्या म्हणजे काय?” असें त्या आम्हांसही म्हणाल्या, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्यांचें खरेंच होतें. पूजेस कोंवळा, तीन किंवा पांच पात्यांचा शेंडा लागतो, आणि तो कापल्यापासून आठ-दहा दिवसांनीं चांगला मिळतो. आतां त्या घरीं व आणखी नऊ घरीं तुळशीजवळचा हातभर कोपरा चतुर्थीपूर्वीं यंत्राविना राहतो. वहींत त्या घरांपुढें ‘दू.’ असें अक्षर आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. वर सांगितलेल्या हिशेबानें हरळीच्या एका घरीं वर्षांत सत्तावीस पाळ्या होतात: आर्द्रा ते उत्तरा तेरा, हस्त-चित्रा तीन, मग चार, दोन, तीन, आणि उन्हाळ्यांतील दोन. सत्तावीसांपैकीं सोळा अवघ्या चार महिन्यांत! दर फेरीस पैसे घेतले तर ऑगस्टांत चार फेऱ्यांचे मिळतात आणि मे महिन्यांत एकीचे. पोट मात्र बाराही महिने सारखेंच लागतें. म्हणून आम्हीं सुचविलें कीं सत्तावीस पाळ्यांचे पैसे बारा समान हप्त्यांत घ्यावे, दर महिन्यास सव्वादोन पाळ्यांचे.

ही कल्पना आमची नव्हे. गांवगाड्यांत न्हावी, परीट, सुतार हे दर खेपेस पैसे मागत नसत. सुगीला खळ्यावर वर्षाचें बलुतें मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत ही पद्धति सविस्तर मांडली आहे आणि तिच्यांतील आळस व ओढाताण यांवर कोरडेही ओढले आहेत. त्या पद्धतींत माणूस जन्मानें कामास बांधला जाई आणि कित्येकांच्या वांट्यास केवळ अपमान येई. ती गेली तें योग्यच झालें. परंतु वर्षाच्या कामाचा मोबदला वर्षावर पसरावा एवढा तिच्यांतला भाग शहाणपणाचा होता, असें आम्हांस वाटतें. आमच्या विद्यार्थ्याच्या कामांत बांधिलकी करारानें आहे, कोणासही एक महिन्याच्या सूचनेनें ती सोडतां येते.

घरोघर हें समजावून सांगण्यास आम्ही स्वतः गेलों. बावीसांपैकीं चौदा घरांनीं मानलें. पांच घरांनीं ‘विचार करतों’ म्हटलें, त्यांतलीं तीन पुढें आलीं. एका वकीलसाहेबांनीं विचारलें, जानेवारींत एकच फेरी असतांना सव्वादोनांचे पैसे कां द्यावे? आम्ही म्हणालों, ऑगस्टांत चार फेऱ्या असतांनाही सव्वादोनांचेच द्यावयाचे आहेत. ते हसले आणि कबूल झाले; हे चौदांतलेच. तीन घरें सुटलीं. त्यांतलें एक आमच्या जुन्या स्नेह्यांचें होतें आणि त्यांच्याशीं आमचें बोलणें अद्यापि थोडें तुटकच आहे. आपल्या घरांतील नोकरीचा पगार सुटीच्या महिन्यांतही यावा हें ज्यांस न्याय्य वाटतें, त्यांस माळ्याचा मे महिना डोळ्यांत खुपावा, याचें आम्हांस नवल वाटतें. असो. सुटलेल्या घरांच्या जागीं नवीं घेण्याची घाई करूं नये, असें आम्हीं त्यास सांगितलें. एकोणीस घरें आणि मोकळा शनिवार यांवर त्याचें नीट चालतें.

उन्हाळ्यांतील दोन फेऱ्यांत तो काय करतो, असें पुष्कळांनीं विचारलें. तण खुरपून काढतो, खड्ड्यांत माती भरून अंगण समतल करतो, शेणखत चाळून पसरतो; घरीं यंत्राचें पातें घांसून धार लावतो. पाणी मात्र मारीत नाहीं, आणि तें मारूं नये असाच आमचा आग्रह आहे. शहरास मुळा धरणाचें पाणी येतें. ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षींच्या वैशाखांत पाथर्डी, पारनेर, जामखेड या तालुक्यांत टँकरची वाट पाहत बायका हंडे घेऊन उभ्या असतात. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीच्या लहानपणींचाच. निजामशाहींत शहराबाहेरून नळांनीं पाणी आणून बागा फुलविल्या. १५८३ सालीं पुरा झालेला फराहबाग महाल तर भर तलावांत उभा केला. तलाव कोरडा पडला, महाल उभा आहे. हरळीस उन्हाळ्यांत पाणी नसलें तर ती पिवळी पडते, मरत नाहीं. मृगाची एक सर येऊं द्या, आठवड्यांत कोंब फुटतात. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार गांवानें १९९० नंतर मोकाट चराई बंद करून डोंगरावरील गवत विळ्यानेंच कापून न्यावयाचा नियम केला आणि उघडे डोंगर पुनः गवतानें झांकले. गवतास त्याचा काळ दिला कीं तें काय करतें, हें तेथें जाऊन पाहावें.

तथापि पिवळें अंगण पाहण्याची संवय नसते हेंही खरें. गेल्या मे महिन्यांत एका घरीं मुंज होती आणि मंडप अंगणांतच. यजमानांनीं आधीं पंधरा दिवस पाणी मारून अंगण हिरवें करून देण्यास सांगितलें. आमच्या विद्यार्थ्यानें त्यांस काय सांगितलें हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण मुंजीस आम्ही गेलों तेव्हां मंडपाखालीं सतरंज्या होत्या, भोंवतालीं गवत पिवळें होतें, आणि त्याबद्दल कोणी बोललें नाहीं.

यंत्राचा शेवटचा हप्ता मार्चमध्यें फिटला. चाकणची गोष्ट तो आतां काढीत नाहीं. जूनमध्यें मुलीची फी त्यानें वेळेवर भरली व पावती आम्हांस आणून दाखविली. आम्हीं ती चष्मा लावून सबंध वाचली. यंदां त्याचा पुतण्या दुसरें यंत्र घेऊन केडगांवाकडे काम सुरू करण्याचें म्हणतो, आणि त्याचें पत्रक करण्यास तो आमच्याकडे न येतां काकाकडेच बसला आहे. आमच्या स्वतःच्या अंगणाची पाळी वहींत शुक्रवारीं भिंगारच्या घरांनंतर लावलेली आहे. हस्ताचा पाऊस आला तर शनिवारीं.